कुळाचार

मखमलाबादच्या मळ्यात पोचले तेव्हा सव्वापाच.
दूधबाजारात जाणारे कॅन अजून रिकामे,
आणि वैजयंता हात पदरात लपवून उभी.
"म्हशीच्या सडांवर आलंय," म्हणाली.
स्वतःचं नंतर,
तेही मी विचारल्यावर.

अंगठ्याच्या बेचक्यात तीन फोड,
मधोमध खळगा, बेंबीसारखा.
आठ दिवस तिने तान्ह्याला उचललेलं नाही.
झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याने ओढते.

तिला सांगितलं ते थोडंच.
परतताना, गंगापूर रोडच्या सिग्नलला,
स्वतःशी बोलले ते जास्त.

या कुळातले विषाणू अंगाने थोराड,
साध्या सूक्ष्मदर्शकातही ठिपका होऊन दिसतील असे.
आकार विटेचा, कडा झिजलेल्या.
आत दुपदरी धागा,
दोन्ही टोकं मुडपून शिवलेली,
उसवायला जागाच ठेवलेली नाही.

असा धागा घेऊन येणारे बाकीचे पाहुणे
बहुतेक थेट माजघरात शिरतात, पेशीच्या केंद्रकात,
आणि घरच्याच भांड्यांत रांधतात.
हा ओसरीवरच बसतो.
चूल स्वतःची, पळी स्वतःची,
फोडणीचं सामानही गाठोड्यात.
घरधनीण आत किल्ल्या सांभाळत बसलेली
आणि बाहेर पंगतीवर पंगत उठतेय,
हजारोंची,
घर मोडेस्तोवर.

भाऊबंद कुठे कुठे पांगलेले:
उंटाकडे, शेळीकडे, कोंबडीच्या तुऱ्यावर,
एक दूरची पाती तर सुरवंटांत.
त्या साली सिन्नरकडे गाईंच्या अंगावर गाठी उठल्या,
तेव्हा आम्ही शेळीची लस गाईला टोचत फिरलो.
सख्खे नव्हेत, पण चेहरेपट्टी एक;
रक्त तेवढ्यावर ओळखतं.
(कांजण्या यातल्या नव्हेत.
त्यांचं गोत्र निराळं,
त्या नसांच्या मुळाशी दडून म्हातारपणाची वाट बघतात.)

आणि या कुळात माणसांची थोरली होती, देवी.
तिला माणसावाचून दुसरं घर नव्हतं,
म्हणून ती गेली.
याला गोठा आहे.

पुंजाराम आबा, वैजयंताचे सासरे,
त्याच म्हशींची धार काढतात,
हात कोरडे ठणठणीत.
मी विचारलं तशी त्यांनी बाही सारली:
कोपराखाली दोन वण, जुन्या रुपयाएवढे.
"शाळेत आले होते टोचायला. मी उसात लपलो.
मास्तरांनी बखोटीला धरून आणलं.
लई शिव्या दिल्या मी त्या कंपाउंडरला, बाई."

वैजयंता चौतीस वर्षांची.
मी तिच्याहून थोडी मोठी.
आम्हा दोघींच्या मनगटापासून कोपरापर्यंत काहीच नाही.
आम्ही जन्मलो तोवर
टोचायचं कारण संपलं होतं.

एक गोष्ट मी मळ्यात बोलले नाही.
ती लस वासरांच्या, म्हशींच्या कातडीवर पिकवत.
काही जण म्हणतात, हा म्हशीचा विषाणू म्हणजे
त्या लसीतलाच एक,
टोचता टोचता हातून सुटलेला.
खात्रीने कुणी सांगत नाही.
पण तसं असेल, तर
आबांच्या हातावर जो वण होऊन निजलाय
तोच सुनेच्या हातावर जागा आहे.

खपली चिमट्याने उचलली, नळीत टाकली,
बर्फात ठेवून पुण्याला पाठवली.
वाळलेल्या खपलीत तो महिनोन्‌महिने टिकतो,
घाई त्याला नसते.
अहवालालाही नव्हती. बावीस दिवस.
तोवर तिच्या बोटांवर नवी गुलाबी कातडी आलेली
आणि पोर कडेवर.

"मग याला देवीच म्हणायचं का?" तिने विचारलं.
गोठ्याच्या उंबऱ्याशी पळसाच्या पानावर
दहीभात वाढून ठेवलेला होता, गार.
मी म्हटलं, कुळ तेच आहे.
नैवेद्य दाखव, माझी ना नाही.
फक्त आधी साबणाने हात धू,
आणि फोड आलेली म्हैस
सगळ्यात शेवटी पीळ.